अभिरूप पाठ

वर्ग हसला तशी दर्शनाही हसली. आधीच्या दोन मिनिटांत आपण नेमकं काय केलं, ते तिला धड आठवेना. फळ्याजवळ शिवानी उभी होती. तिचा अभिरूप पाठ चालू होता. अभिरूप म्हणजे खोटा; पण कॉलेजात खोटा म्हणत नसत. बी.एड.ला खऱ्या शाळेत पाठवण्याआधी एकमेकांवरच शिकवून बघायचं असे. पंचविशी-तिशीतल्या बायका, त्यातल्या काही लेकुरवाळ्या, बाकांवर दाटीवाटीने बसून सहावीतली मुलं व्हायच्या, हात उंचावून 'बाई मी, बाई मी' करायच्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच लाज वाटलेली. आता कुणाला वाटत नव्हती. सुधीर सर शेवटच्या बाकावर बसून शेरे लिहीत. आज त्यांनी मध्येच पेन थांबवून म्हटलं, "सगळेच कसे हुशार? खरा वर्ग असा नसतो. कुणीतरी अप्रगत व्हा बघू." कुणी उठेना. अप्रगत व्हायचं म्हणजे काय करायचं, ते कुणाला सुचत नव्हतं. आणि दर्शनाचा हात वर गेला. कॉलेज सुरू झाल्यापासून तिने स्वतःहून हात वर करण्याची ही पहिलीच वेळ. ती उभी राहिली, शिवानीने पुढे केलेलं पुस्तक तिने घेतलं, बोट ओळीखाली ठेवलं, मान जरा डावीकडे कलली. "न... दी... नदीच्या. का... ठा... काठावर." मग जोडाक्षर आलं. वृक्ष. ती थांबली. तिने आवंढा गिळला, मोकळा तळहात मांडीवर खालीवर घासला आणि पुस्तकालाच समजावल्यासारखं हळू म्हणाली, "थांब, येतंय मला... येतंय." तिथे वर्गात हशा फुटला. शिवानी तर फळ्याला टेकून हसत होती. सर उठून पुढे आले. "वा! हुबेहूब. दर्शना, हे निरीक्षण कुठून आणलंस?" ती म्हणाली, "असंच, सर." आणि खाली बसली. बाक गरम होता. मांडीवरचा हात अजून थांबला नव्हता.

कल्याणहून शहाडला ती शेअर रिक्षाने जायची. पण त्या दिवशी तिला कुणाला चिकटून बसावंसं वाटलं नाही, म्हणून ती चालत निघाली. डोक्यात सरांचं 'हुबेहूब' वाजत होतं. सुखद होतं ते, हे तिला कबूल करावं लागत होतं. वर्गातल्या मुली तिला 'शहाडवाली' म्हणायच्या, त्यात वाकडं काही नव्हतं, पण त्यापलीकडेही काही नव्हतं. आज सुटताना चौघी-पाच जणी तिच्याभोवती आल्या. 'अगं तू तर छुपी रुस्तम निघालीस' म्हणाल्या. एकीने 'येतंय मला' करून दाखवायला लावलं, आणि तिने ते जिन्यात पुन्हा करून दाखवलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ते अधिक चांगलं जमलं. पुलावर वारा होता. खाली नदीचं पाणी जलपर्णीखाली दिसतच नव्हतं, नुसतं हिरवं, स्थिर. कठड्याला हात लावून उभं राहिल्यावर तिला वाटलं, आपल्या तोंडात दुसऱ्या कुणाची तरी जीभ आहे. ती चूळ भरून टाकता आली असती तर बरं झालं असतं.

घरी राजरत्न वाट बघत बसला असणार होता. तिचा धाकटा भाऊ. हातपाय धुऊन, केस विंचरून, चटईवर मांडी घालून. चोविसाव्या वर्षी माणूस असा बसला की बघवत नाही. उभ्या राहणाऱ्या इमारतींमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचं काम तो करायचा. त्याच्या ठेकेदाराने, शिवरामने, त्याला म्हटलं होतं, 'साइट सांभाळशील का? पोरं तुझं ऐकतात. फक्त इंजिनिअरला रोजचं काम मोबाइलवर लिहून टाकावं लागेल. बोलून पाठवलेलं तो ऐकत नाही.' राजरत्नने ही गोष्ट घरी दोन दिवस कुणाला सांगितली नव्हती. मग एका रात्री जेवताना, ताटातल्या भाताकडे बघत म्हणाला, "ताई, तू मास्तरीणच होणारेस ना. मला शिकवशील? म्हणजे, नीट वाचायला." आणि लगेच, "टाइम असेल तर." तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दोघं बसायचे. त्या वेळी आई उठून बाहेर गॅलरीत जायची. तांदूळ निवडायचे नसले तरी सूप घेऊन जायची. लेकाला लाज वाटू नये म्हणून ती जाते, हे तिघांनाही माहीत होतं. दाराला पडदाच काय तो होता.

अशी त्याची लाज वडिलांनी कधी राखली नव्हती. वडील, चांगदेव, कंपनीत मशीनवर होते. घरात देव नव्हते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फळीवर बुद्धाची लहान मूर्ती आणि तिच्याशेजारी पुस्तकांची रांग. त्यातली बरीचशी वडिलांनाही नीट कळत नसत, पण दर रविवारी ते एकेक काढून पुसायचे. मुलाचं नाव त्यांनी हौसेने राजरत्न ठेवलं, आणि त्या मुलाला त्या नावातला 'त्न' कधी लिहिता आला नाही. राजरतन, राजरन्त, एकदा तर नुसतं राजर. आठवीपर्यंत त्याला शाळेने वर ढकललं, नववीत तो आपटला, पुन्हा बसला, पुन्हा आपटला आणि एके दिवशी दप्तर फळीवर टाकून कामाला लागला. वडील त्याच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं दर्शनाला तेव्हाही वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "आपल्या घरात हे कसं झालं?" आणि ते कुणाला विचारलं होतं, ते कुणालाच कळलं नाही. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. तो प्रश्न मात्र घरातच राहिला होता. दर्शना बी.एड.ला गेली त्यात त्या प्रश्नाचाही हात होता.

म्हणून तर त्या संध्याकाळच्या बैठका तिला आवडायच्या. कॉलेजात ऐकलेलं ती इथे करून बघायची. अक्षर मोठं लिही, जोडाक्षर फोडून दाखव, चुकलं तर लगेच दुरुस्त करू नको, थांब, वाट बघ, उत्तर आलं की शाबासकी दे. वाट बघताना ती त्याच्याकडेच बघत बसायची. बोट कसं थरथरतं. मान कशी कलते. जोडाक्षर आलं की हात मांडीवर कसा जातो, आणि तो कसा म्हणतो, 'थांब ताई, येतंय मला.' आणि खरंच यायचं. उशिरा यायचं, पण यायचं. परवाच त्याने 'प्रकल्प' वाचला होता आणि डोळे मिचकावून हसला होता. त्या संध्याकाळी पुलावरून घरी आल्यावर तिने त्याला शिकवलं. तो अडला. हात मांडीवर गेला. दर्शनाने एकदम पुस्तकात डोकं घातलं. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही. वाच तू."

गोष्ट इथेच संपली असती. पण स्नेहसंमेलन आलं. सुधीर सरांनी एक छोटी नाटिका लिहिली होती, समावेशक वर्गावर. एक मागे पडलेला मुलगा, त्याला हसणारी मुलं, चिडणाऱ्या एक बाई, आणि मग नव्या बाई येतात, त्याला समजून घेतात, तो शेवटी फळ्यावर आपलं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात. "मुलाचं काम दर्शनाचं," सर म्हणाले. "यात चर्चाच नाही." दर्शनाला नाही म्हणायचं होतं. रात्री अंथरुणावर तिने नाही म्हणायची वाक्यंही जुळवली होती: सर, मला स्टेजची भीती वाटते; सर, माझी तब्येत बरी नाही. पण तालमीला गेलं की शिवानी येऊन गळ्यात पडायची, "तू नाही तर मजाच नाही गं, कसम से," आणि ती वाक्यं कुठल्या कुठे जायची. शिवाय नाटिकेचा हेतू किती चांगला होता. अशा मुलांना हसू नये, हेच तर सांगायचं होतं. ती स्वतःला हे सांगायची तेव्हा तिला सरांचाच आवाज ऐकू यायचा. तालमीत सर म्हणायचे, "ते 'येतंय मला' जरा वाढव. लोकांना आवडेल." तिने वाढवलं.

घरी ती एवढंच म्हणाली होती की कॉलेजच्या कार्यक्रमात छोटंसं काम आहे, खास काही नाही, लांब पडेल, येऊ नका. कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला. पहिल्या प्रवेशातच तिचं वाचन होतं. अर्ध्या चड्डीत, केस टोपीखाली खोचून ती उभी राहिली, बोट ओळीखाली ठेवलं आणि सवयीने समोर बघितलं. चौथ्या रांगेत आई होती. ठेवणीतलं निळं लुगडं. तिच्या शेजारी राजरत्न, इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, मांडीवर आईची पिशवी. त्याने हात किंचित वर करून तिला ओळख दाखवली. कामावर सुट्टी मागून आला असणार. बहीण स्टेजवर येणार म्हणून आला असणार. दर्शनाच्या कानात हवेचा आवाज भरला. आता बदल, तिने स्वतःला सांगितलं. मान सरळ ठेव. बोट काढ. काहीतरी दुसरं कर, तोतरं बोल, वेडंवाकडं नाच, काहीही. पण शरीराला तालीम झालेली होती. मान कलली. आणि भयंकर हे, की तो समोर होता म्हणून सगळं आणखी बरोबर होत गेलं. जे तालमीत राहून गेलेलं, तेही आलं: अक्षर चुकल्यावर ओठांवरून फिरणारी जीभ, पुस्तक डोळ्यांजवळ नेण्याची ती हालचाल. हॉल हसत होता. राजरत्नही हसत होता, मोकळेपणी, शेजारच्या माणसाकडे बघून, 'ती माझी ताई' असं सांगत असावा. मग जोडाक्षर आलं. तिचा हात मांडीवर गेला. "थांबा बाई," ती म्हणाली, "येतंय मला, येतंय... येतंय..." हॉल हसून कोसळला. तिने बघितलं. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं. त्याने खाली, आपल्या हाताकडे बघितलं. पिशवीवर तो हात होता. त्याने तो पिशवीखाली घेतला.

कार्यक्रमानंतर तो दाराशी उभा होता. "मस्त केलंस ताई. लय हसले लोक." खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. सुधीर सर आईला म्हणाले, "तुमची मुलगी फार संवेदनशील आहे. उत्तम शिक्षिका होईल." आईने त्यांना हात जोडले. रिक्षात तिघं मागे बसली. बाहेर दुकानांच्या पाट्या जात होत्या. रोज येता-जाता राजरत्न त्या वाचायचा, हल्ली मोठ्यानेसुद्धा. त्या दिवशी तो समोरच्या मीटरकडे बघत होता.

त्या संध्याकाळी शिकणं झालं नाही. तो म्हणाला, दमलोय. दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम होता. मग पाठीत उसण भरली होती. दर्शना चटई घालून बसायची आणि तो बाहेरूनच मित्राच्या हाकेला ओ द्यायचा. काही दिवसांनी तिने चटई घालणं सोडलं. मग कळलं की शिवरामने साइट दुसऱ्या एका पोराला दिली. बारावी झालेला होता, मोबाइलवर भराभर लिहायचा. राजरत्न खडवलीला गेला. तिथे नदीच्या बाजूला बंगल्यांची स्कीम चालू होती, काम मोठं, राहायची सोय तिथेच. जाताना त्याने आईच्या पाया पडून दर्शनाला म्हटलं, "अभ्यास कर नीट." थट्टा नव्हती ती.

तो गेल्यावर आई संध्याकाळी गॅलरीत जाईनाशी झाली. घरातच बसायची. एकदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता तिने विचारलं, "ते तू आपल्या राजाचं केलंवतंस ना?" आई पडद्याआडून रोज ऐकत होती, हे दर्शनाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मला वाटलं," आई म्हणाली, "त्याला विचारून केलं आसंल." आणि पुढची जुडी सोडली. एवढंच. आईच्या आवाजात रागाचा लवलेश असता तर दर्शना तिच्याशी भांडली असती, म्हणाली असती की त्यात त्याची टिंगल नव्हती, त्या नाटकात शेवटी सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. पण आई नुसती मेथीची पानं खुडत होती, आणि खुडण्याचा तो बारीक आवाज घरभर होता.

मग सराव पाठ सुरू झाले, खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांवर. सकाळची शाळा होती, खिडकीबाहेर वीजवाहिन्यांचा मनोरा. सहावीचा वर्ग, मराठीचा तास, मागच्या बाकावर निरीक्षणाला सुधीर सर. तिच्या पाठाचं टाचण चोख होतं. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, आदर्श वाचन झालं. मग मुलांकडून प्रकट वाचन. एका मुलाने हात वर केला नव्हता तरी शेजारच्याने त्याला ढोसून उठवलं. किरकोळ अंगाचा, मोठ्या शर्टातला मुलगा. त्याने पुस्तक उचललं. ओळीखाली बोट ठेवलं. वर्गात कुठेतरी खसखस सुरू झाली, ही खसखस जुनी असणार, ठरलेली. त्याने पहिलं अक्षर उच्चारलं आणि दर्शना म्हणाली, "बस. बस तू." तिला त्याला वाचवायचं होतं. मुलाने तिच्याकडे बघितलं. आपलं एवढ्यातच चुकलं, एकाच अक्षरात, असा तो चेहरा होता. तो बसला. शेजारचा त्याच्या कानात काही म्हणाला. तिने पुढच्या मुलीला उठवलं, ती घडाघडा वाचत गेली आणि दर्शनाला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. तासानंतर सर व्हरांड्यात म्हणाले, "पाठ चांगला झाला. एकच. तो मुलगा. त्याला तू संधीच दिली नाहीस. तूच हे करावंस? नाटिकेत तू किती समजून केलं होतंस ते." ती मान हलवत राहिली. शाळेचा शिपाई नळाखाली बादली लावत होता. पाणी नव्हतं, नळातून नुसती हवा येत होती.

त्या रविवारी ती खडवलीला गेली. आईने डब्यात सुकट-भाकरी दिली होती. स्टेशनवरून टमटमने साइटपर्यंत. अर्धवट बंगले रांगेने उभे होते, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोकं. राजरत्न खाली उतरून आला. गालांची हाडं वर आली होती. पाहुणी आल्यासारखं त्याने तिला पत्र्याच्या टपरीसमोर बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला, डबा हातात घेऊन त्याचं वजन करून बघितलं. "आई कशी आहे?" "बरी आहे." "पाणी येतं का?" "येतं, एक दिवसाआड." चहावर साय धरली.

"राजा, मी त्या दिवशी..."

"अगं चांगलं केलेलंस तू. सगळे बोलत होते."

"मी तुला विचारायला पाहिजे होतं."

"त्यात काय विचारायचं." त्याच्या बोटांवर खिडक्यांच्या फटी भरायचं सिलिकॉन वाळलं होतं. ते तो नखाने सोलत होता. "मी काय, असाच वाचतो ना."

"आपण परत सुरू करू या. मी दर रविवारी येत जाईन इकडे. खरंच."

"नको ताई."

"का? तुला यायला लागलं होतं. 'प्रकल्प' वाचलास तू, कुणी न सांगता."

त्याने बोटावरचा एक पापुद्रा सोलून टाकला. एखाद्या खिडकीची चौकट का बसत नाही ते इंजिनिअरला सांगावं, तशा आवाजात मग म्हणाला, "मला माहीतच नव्हतं ना, मी कसा दिसतो ते. आतून कुठे दिसतं आपल्याला? मला वाटायचं, जमतंय. थोडं थोडं जमतंय. इकडे आल्यावर दोनदा मोबाइल काढून बसलो पण. वाचायला घेतलं की तूच दिसतेस, टोपी घातलेली. मग अक्षर दिसत नाही." आणि तिला वाईट वाटू नये म्हणून की काय, तो हसला. "तू शिकव गं पोरांना. तुला येतं."

वरून कुणीतरी हाक मारली. तो उठला, चहाचे पैसे टपरीवर ठेवले, डबा काखेत घेतला. "टमटम मिळेल ना तुला? अंधार पडायच्या आत जा." ती हो म्हणाली. तो कच्च्या जिन्याने वर गेला. थोड्या वेळाने ड्रिल सुरू झालं. भिंतीत खोल जाणारा तो आवाज मध्येच थांबायचा, आणि थांबला की दर्शना जिन्याकडे बघायची. पुन्हा सुरू व्हायचा.

टपरीवरची बाई ग्लास उचलायला आली. "भाऊ का तुमचा? गुणाचा आहे. कोणाच्या अध्यात नाही." तिने दर्शनाच्या खांद्यावरची कॉलेजची पिशवी बघितली. "तुम्ही काय करता?"

"शिकतेय," दर्शना म्हणाली.

"चांगलं आहे," बाई म्हणाली, आणि दर्शनाने तोंडही न लावलेला चहा तिने बाजूच्या मातीत ओतून दिला.